मित्रांसोबत क्रूझवर? दोन बाल्कन्यांची एक करून घ्या

शेजारच्या दोन केबिनच्या बाल्कन्यांमधलं पार्टिशन बऱ्याच जहाजांवर बिजागरीचं असतं. पहिल्याच दिवशी केबिन स्टुअर्डला (खोलीची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला) सांगितलं, की तो त्याच्याकडच्या चावीने ते उघडून देतो. मग सकाळचा चहा सगळ्यांनी मिळून, समोर नुसता समुद्र! हे सुख चुकवू नकाच.

पण खरं काम बुकिंगच्या वेळचं. बहुतेक जहाजांवर सम नंबर एका बाजूला, विषम दुसऱ्या बाजूला. म्हणजे 8042 चा शेजारी 8044, 8043 नव्हे. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्याचा नकाशा, उघडून खात्री करा. काही पार्टिशनं पक्की असतात, ती उघडतच नाहीत, म्हणून ठरावीक केबिन नंबर सांगून कंपनीला आधीच विचारा. ‘गॅरंटी’ केबिन स्वस्त पडते, पण नंबर कंपनी ठरवते, तेव्हा ती घेऊ नका. ‘कनेक्टिंग’ केबिन ही वेगळी गोष्ट, त्यात दोन खोल्यांना जोडणारं दार आतून असतं.

वारा वाढला की स्टुअर्ड पार्टिशन बंद करतो, हुज्जत घालू नका. आणि लहान मुलं बरोबर असतील तर दोन्ही खोल्यांची बाल्कनीची दारं आतून लावलेली हवीत, कारण आता तिथे जायला दोन वाटा आहेत. कठड्याजवळ खुर्ची ठेवू नका.