रानात जनरेटर लावायचाय? आधी शेजाऱ्याला विचारा

अमेरिकेत बीएलएमच्या (म्हणजे सरकारी मोकळ्या जमिनी सांभाळणारं खातं) किंवा नॅशनल फॉरेस्टच्या जागेवर कँपिंगला निघालात की तिथे नळ नाही, लाइट नाही, बऱ्याचदा संडाससुद्धा नाही, म्हणून आपले लोक गाडीत सगळ्यात आधी जनरेटर चढवतात. न्या ना, कोण नको म्हणतंय, पण बाकीचे लोक तिथे शांततेसाठीच आलेले असतात एवढं लक्षात ठेवा.

आधी नियम बघायचे, जागेप्रमाणे ते बदलतात. नॅशनल पार्कात ५० फुटांवर ६० डेसिबलच्या वर आवाज चालत नाही, आणि पार्कच्या अनडेव्हलप्ड म्हणजे रस्ते-सोयी नसलेल्या भागात परमिटशिवाय जनरेटर लावायचाच नाही. जोशुआ ट्री नॅशनल पार्कच्या कँपग्राउंडमध्ये जनरेटर फक्त सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७, बास. डेथ व्हॅली पार्कातल्या टेक्सास स्प्रिंग्ज कँपग्राउंडला तर अजिबात बंदी आहे. मोकळ्या रानात अशी पाटी कोणी लावलेली नसते, तिथे माझ्या मते दुपारी तासदोनतास लावून बॅटरी भरून घ्यायची आणि बंद करायचा, कारण तेव्हा निम्मी जनता ट्रेकला गेलेली असते.

मशीन इन्व्हर्टरवालंच घ्या (घरचा बॅटरीवाला इन्व्हर्टर नव्हे, लोडप्रमाणे इंजिनाचा वेग कमीजास्त करणारा जनरेटर), बांधकामावर धडधडतं ते उघड्या फ्रेमचं नको. होंडाचं ईयू २२००आय लोडप्रमाणे ४८ ते ५७ डेसिबल असं कंपनी सांगते, म्हणजे इको मोडवर फोन लॅपटॉप चार्ज होताना ते गुरगुरतं आणि तुम्ही इलेक्ट्रिक केटल लावली की बोंबलायला लागतं. चहा गॅसवर करा की राव! (आणि सकाळी सहाला कुकरच्या चार शिट्ट्या, त्यालाही जनरेटरचाच नियम लावा.)

आता ठेवायचा कुठे, खरी मारामारी इथेच होते. अंतर दुप्पट केलं की मोकळ्यावर साधारण ६ डेसिबल कमी होतात, तेव्हा लांब आणि जाड, १२ गेजची केबल घ्या. तंबूपासून २० फुटांच्या आत तर नकोच, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत कळतही नाही. पण लांब ठेवायचा म्हणून शेजाऱ्याच्या तंबूला चिकटवू नका, हा प्रकार फार चालतो. धुराचं तोंड दोघांपासूनही दुसरीकडे करा. पिकअपच्या पत्र्यावर ठेवला तर सगळा पत्रा ढोलासारखा वाजतो, खाली जमिनीवर रबरी मॅट टाकून ठेवा. खडकाच्या भिंतीसमोरही नको, आवाज उलटा फिरतो. आणि वाळक्या गवतात तर कधीच नाही, सायलेन्सर तापतो, स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारी जाळी) आहे का ते घरीच बघून घ्या. पेट्रोल भरायचं ते बंद करून, थंड झाल्यावर.

घरात कोणी सीपॅप (झोपेत श्वास अडकू नये म्हणून हवा देणारं मशीन) लावून झोपत असेल तर त्यासाठी रात्रभर जनरेटर लागत नाही, डीसी अॅडॉप्टर घ्या, ह्युमिडिफायर बंद ठेवा, पुरेशा मोठ्या पॉवर स्टेशनवर, म्हणजे उचलून न्यायच्या मोठ्या बॅटरीवर, रात्र निघते, आणि घरी एकदा पूर्ण रात्र चालवून बघितल्याशिवाय रानात नेऊ नका.

सुरू करायच्या आधी शेजारच्या साइटवर जाऊन सरळ विचारा, "तासभर लावू का, बॅटरी भरायचीय, तुमचं बाळबिळ झोपलंय का?" बहुतेक लोक हो म्हणतात. उलट त्यांचाच धडधडत असेल तर लांबून ओरडू नका, जाऊन "कितीला बंद करणार" एवढंच विचारा. ऐकलं नाही तर कँपग्राउंडमध्ये होस्टला (तिथली देखरेख करणाऱ्याला) सांगा, आणि मोकळ्या रानात असाल तर अंधार पडायच्या आत बाडबिस्तरा उचलून पुढच्या वळणावर जा.