हर्णैच्या लाटा आणि दुधाळ फोटो

पावसाळ्यात हर्णै बंदरावर काढलेले फोटो पुण्यात घरी मोठ्या स्क्रीनवर उघडले की दुधाळ दिसायचे. सुवर्णदुर्ग तर असून नसल्यासारखा. इथल्या एका दुकानात लेन्स दाखवली, तर 'नवीन घ्या' असा सल्ला मिळाला. फुकट मिळाला, एवढंच समाधान.

गडबड होती खाऱ्या तुषारांची. वाऱ्याबरोबर आलेलं पाणी काचेवर वाळतं आणि मिठाचा पातळ थर उरतो. कोरड्या कापडाने तो नुसता फासला जातो, वर ओरखड्यांची भीती. आता लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे वरून बसवायची पारदर्शक काच, असतो. गोड्या पाण्याने जेमतेम ओल्या केलेल्या मायक्रोफायबरने आधी मीठ विरघळवायचं, मग दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपायचं. दर चार-पाच लाटांनी हेच. शिवाय दापोली सुटली की गाडीचा एसी बंद. नाहीतर गार लेन्सवर बाहेरच्या दमट हवेचं बाष्प धरतं.

फेस राखाडी येत असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं वाढवा. उडालेले थेंब सुटे दिसायला हवे असतील तर शटर १/१००० सेकंद.

भरतीसाठी कोकणातला जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अमावस्या-पौर्णिमेला उधाण मोठं, पण भरती येते भर दुपारी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या आयत्याच चौकटीत मिळतात. धक्क्याच्या टोकाला मात्र जाऊ नका, झूम लेन्स त्यासाठीच असते.