नाशिकची शिराझ आपल्या जेवणासोबत घ्यायची असेल तर

शिराझ ही रेड वाइनच्या काळ्या द्राक्षाची जात, मूळची फ्रान्समधल्या रोन नदीच्या खोऱ्यातली. तिच्या वाइनलाही हेच नाव. तिकडे तिला सिरा म्हणतात. नाशिक जिल्ह्यात दिंडोरीकडे आणि गंगापूर धरणाच्या बाजूला ती चांगली रुजली आहे. युरोपात वेल हिवाळाभर सुप्त राहते. आपल्याकडे तसं होत नाही, म्हणून वर्षात दोन छाटण्या कराव्या लागतात: एप्रिलच्या सुमारास नव्या फांद्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरताना घडांसाठी फळछाटणी. काढणी जानेवारी ते मार्च. थंडीतल्या गार रात्री द्राक्षातला आंबटपणा टिकवतात, पण फेब्रुवारीअखेर ऊन तापलं की साखर झपाट्याने चढते. त्यामुळे इथल्या शिराझमध्ये पिकलेलं करवंद-जांभूळ पुढे येतं आणि अल्कोहोल साधारण १३ ते १४ टक्के असतं. या जातीची ओळख असलेला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या घटकाचा. आपल्या काळ्या मिरीतही तोच असतो. गार हवेच्या प्रदेशात तो जास्त साठतो, नाशिकच्या बाटलीत हलकाच लागतो.

बाटली घेताना काढणीचं साल बघा. साधी शिराझ तीन-चार वर्षांच्या आत संपवावी. लाकडी पिंपात मुरवलेली थोडी जास्त टिकते. दुकानात उन्हात उभी असलेली बाटली नकोच. बूच वर सरकलेलं असेल किंवा तोंडाशी चिकट ओघळ दिसत असेल, तर ती तापून गेली आहे.

सगळ्यात जास्त चुकतं ते तापमान. 'रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी' हा सल्ला थंड घरांसाठीचा आहे. आपल्या ३० अंशांच्या खोलीत अल्कोहोल नाकात झोंबतं आणि फळाचा वास दबतो. शिराझला १६ ते १८ अंश हवेत. बाटली तास-सव्वा तास फ्रिजमध्ये ठेवा, किंवा निम्मं बर्फ आणि निम्मं पाणी असलेल्या बादलीत १२-१५ मिनिटं मानेपर्यंत बुडवा. नुसत्या बर्फात ती लवकर गार होत नाही, कारण खड्यांमध्ये हवा राहते. फार गार झाली तर टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा तुरट घटक) तुरट-कडू लागतं. तेव्हा ग्लास तळहातात धरून पाच मिनिटं थांबा.

उघडल्यावर जळक्या रबराचा किंवा उकडलेल्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका. शिराझमध्ये हे होतं. काचेच्या भांड्यात ओतून अर्धा तास ठेवा, बहुधा जातो. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास मात्र बुचाचा दोष आहे, तो जात नाही. बाटली परत करा. ग्लास एक तृतीयांशच भरा, वरची जागा वासासाठी.

आता जेवण. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना भडकवतात, म्हणून झणझणीत तांबड्या रश्श्याबरोबर शिराझ घेतली तर जिभेला आगच लागते, दुसरी चव कळत नाही. तिखट निम्म्यावर आणा, गरम मसाला तसाच ठेवा. लवंग, दालचिनी, मिरी आणि भाजलेलं खोबरं घातलेलं सुकं मटण ही माझ्या मते तिची सर्वांत चांगली जोडी: मटणाची चरबी आणि मीठ टॅनिनला मऊ करतात, भाजलेल्या खोबऱ्याचा खमंगपणा पिंपातल्या लाकडाच्या वासाशी जुळतो. शाकाहारी ताटात गोड्या मसाल्याची भरली वांगी घ्या. दाण्याचा कूट आणि तिळाचं तेल तेच काम करतात. गूळ मात्र चिमूटभरच, कारण पदार्थ गोड झाला की वाइन आंबट-कडू लागते. श्रीखंड, पुरणपोळी याच कारणाने बाद. बांगडा, सुरमई यांच्याबरोबरही नको: रेड वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल मिळून तोंडात उग्र धातूसारखी चव येते.

७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. उरलेली वाइन लहान बाटलीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा. आत हवा जितकी कमी तितकी ती टिकते, तरी तीन दिवसांपलीकडे नको. त्यानंतर ती मटणात वापरा: अर्ध्या किलोला अर्धी वाटी, कांदा लालसर परतल्यावर, मटण घालण्याआधी. दारूचा उग्र वास जाऊन ती निम्मी आटेपर्यंत झाकण ठेवू नका. आणि व्हिनेगरसारखा वास येत असेल तर सरळ ओतून द्या.