टचपॅडवर क्लिक होत नसेल तर दोष कसा शोधावा

कर्सर नीट फिरतो, दोन बोटांनी पानही वरखाली सरकते, पण क्लिक मात्र होत नाही, ही लॅपटॉपबाबत नेहमी ऐकू येणारी तक्रार आहे. हे घडू शकते, कारण बोटाची हालचाल ओळखणारा पृष्ठभाग आणि दाब ओळखणारे स्विच हे टचपॅडचे दोन स्वतंत्र भाग असतात. बहुतेक लॅपटॉपमध्ये ही पट्टी वरच्या कडेला बिजागरीसारखी धरलेली असते आणि स्विच खालच्या कडेजवळ असते, म्हणून वरच्या भागावर दाबल्यास धडधाकट टचपॅडही दाद देत नाही. तेव्हा चाचणी नेहमी खालच्या डाव्या भागावर दाबून करावी.

सेटिंग्जकडे वळण्याआधी लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवावा आणि कडेने निरखून पाहावा. अनेक मॉडेलमध्ये बॅटरी टचपॅडच्या अगदी खाली किंवा शेजारी असते, आणि जुनी लिथियम बॅटरी फुगली की ती पट्टीला खालून रेटते. मग पट्टी दबायला जागाच उरत नाही. पट्टी एका बाजूने वर आलेली दिसणे, तळ टेबलावर डुगडुगणे किंवा झाकण पूर्ण न मिटणे ही त्याची लक्षणे आहेत. यांपैकी काहीही आढळल्यास पुढच्या पायऱ्या सोडून द्याव्यात, चार्जर काढावा, टचपॅड जोराने दाबू नये आणि लॅपटॉप सेवा केंद्राकडे न्यावा. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये; ती परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे.

बॅटरी ठीक असेल तर लॅपटॉप सुरू करून दोन गोष्टी ताडून पाहाव्यात: दाबल्यावर ‘टक’ असा आवाज येतो का, आणि नुसते बोट टेकवून उचलल्यास, म्हणजे टॅप केल्यास, क्लिक होते का. टॅप चालतो पण दाबून काही होत नाही, असे असेल तर स्विचवर किंवा कडेच्या फटीत अडकलेल्या कचऱ्यावर संशय घ्यावा. फट मऊ ब्रशने साफ करावी, त्यात टाचणी खुपसू नये. कर्सर फिरवताच मजकूर आपोआप निवडला जात असेल, तर स्विच दाबलेल्या स्थितीतच अडकलेले असण्याची शक्यता असते. अशा वेळी बाहेरून जोडलेल्या माउसचे क्लिकही विचित्र वागते आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

दाबूनही नाही आणि टॅपनेही नाही, तर सॉफ्टवेअरकडे पाहावे. प्रथम लॅपटॉप रीस्टार्ट करावा. विंडोजमध्ये ‘शट डाउन’पेक्षा ‘रीस्टार्ट’ निवडणे बरे, कारण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असल्यास शट डाउननंतरही प्रणालीचा काही भाग जुन्याच अवस्थेत पुन्हा उघडतो. क्लिकविना हे करण्यासाठी विंडोज आणि डी या कळा एकत्र दाबून डेस्कटॉपवर यावे, मग ऑल्ट आणि एफ४ दाबावे आणि बाणांच्या कळांनी पर्याय निवडून एंटर दाबावे. यूएसबी माउस हाताशी असेल तर पुढची कामे बरीच सोपी होतात.

त्यानंतर विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, ‘टचपॅड’ या क्रमाने जावे. तेथील ‘टॅप्स’ या विभागात एका बोटाच्या टॅपने क्लिक करण्याचा पर्याय चालू आहे का, ते पाहावे. फक्त उजवे क्लिक होत नसेल तर खालच्या उजव्या कोपऱ्यासाठी असलेली खूणही तेथेच सापडते.

सेटिंग्ज योग्य असूनही फरक पडला नाही, तर विंडोज आणि एक्स या कळा दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. टचपॅड बहुधा ‘ह्युमन इंटरफेस डिव्हायसेस’ किंवा ‘माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस’ या गटात असतो. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर ‘प्रॉपर्टीज’मधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरावे, म्हणजे ड्रायव्हर (टचपॅड चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) आधीच्या आवृत्तीवर परत जातो. तो पर्याय फिकट दिसत असल्यास लॅपटॉप उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आपल्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून जाहिरात होणारी अनोळखी सॉफ्टवेअर मात्र टाळावीत.

एवढे करूनही शंका उरली तर उबंटू या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून, काहीही इन्स्टॉल न करता, तेथे क्लिक होते का ते पाहावे. तेथे झाले तर दोष विंडोजमध्ये आहे, आणि तेथेही दाबून काही झाले नाही तर तो बहुतेक वेळा यंत्राच्या भागातच असतो.

मॅकबुकची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०१५ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या फोर्स टच ट्रॅकपॅडमध्ये पट्टी खाली जातच नाही, क्लिकचा भास कंपनाने निर्माण केला जातो. त्यामुळे बंद मॅकबुकवर ‘टक’ जाणवले नाही म्हणून तो बिघडला, असे समजू नये.

दोष स्विचचाच ठरला तर दुकानदार बहुधा पूर्ण टचपॅड बदलण्याचा सल्ला देतो. लॅपटॉप जुना असेल तर तो खर्च लगेच करण्याची गरज नाही: एका बोटाचा टॅप डाव्या क्लिकचे, दोन बोटांचा टॅप उजव्या क्लिकचे, आणि दोनदा टॅप करून बोट न उचलता सरकवणे ओढून नेण्याचे काम करते.