भरलेल्या गाडीचा हिशोब : कुटुंबासाठी सात आसनी गाडी निवडताना आणि सांभाळताना

सात आसनी गाडी घ्यायची असे घरात ठरले की चर्चा बहुतेक वेळा किंमत, मायलेज आणि रंग यांभोवतीच फिरते. टेस्ट ड्राइव्हलाही घरातले दोघेच जातात आणि रिकामी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून परत येतात. प्रत्यक्षात ही गाडी आपण घेतो ती गणपतीला गावी जाण्यासाठी, लग्नकार्यासाठी, आजी-आजोबांना घेऊन कुलदैवताच्या दर्शनाला जाण्यासाठी, म्हणजे ती पूर्ण भरून चालवण्यासाठीच. म्हणून निवडीपासून देखभालीपर्यंतचा प्रत्येक निर्णय भरलेली गाडी डोळ्यांसमोर ठेवून घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पहिला प्रश्न असा विचारावा की तिसऱ्या रांगेत नक्की कोण बसणार आहे. तिथे कायम मुलेच बसणार असतील तर लहान गाडीही पुरते; मोठ्या माणसांना दोन-तीन तास बसावे लागणार असेल तर निवड बदलते. शोरूममध्ये जाताना घरातल्या सर्वांत उंच व्यक्तीला आणि गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीला, दोघांनाही सोबत न्यावे. मधल्या रांगेचे आसन एका हाताने पुढे सरकते का, ते सरकल्यावर पाय ठेवायला किती जागा उरते आणि आत शिरताना धरायला मूठ आहे का, हे त्या ज्येष्ठ व्यक्तीने स्वतः चढून-उतरून पाहावे. उंच व्यक्तीने तिसऱ्या रांगेत किमान पंधरा मिनिटे बसून राहावे. तिथे जमीन उंच आणि आसन ठेंगणे असल्यामुळे गुडघे छातीकडे येतात आणि मांड्यांना आधार मिळत नाही. ही अडचण पहिल्या मिनिटात कळत नाही, दहाव्या मिनिटाला कळते. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र आसने असलेली सहा आसनी रचना दिसायला ऐटदार असते आणि मधल्या वाटेने मागे जाता येते, हा ज्येष्ठांसाठी खरा फायदा आहे. पण तान्हे मूल असलेल्या घराला मला सलग बाकच अधिक सोयीचे वाटते.

दुसरा प्रश्न सामानाचा. मारुती अर्टिगाची तिसरी रांग उभी असताना मागे २०९ लिटर जागा उरते, ती रांग आडवी केली की साधारण ५५० लिटर. म्हणजे सात माणसे बसली तर दोन मध्यम बॅगा आणि थोडे किरकोळ सामान, इतकेच मागे मावते. कंपनीने बसवलेल्या सीएनजीच्या गाडीत ती जागाही टाकी घेते. रेनॉ ट्रायबरमध्ये सातही आसने लावलेली असताना मागे ८४ लिटर एवढीच जागा असते. तिची तिसरी रांग मात्र पूर्ण काढून घरी ठेवता येते आणि मग ६२५ लिटर जागा मिळते. त्यामुळे एरवी पाच माणसे आणि क्वचित सात, असे ज्यांचे गणित आहे त्यांना ती सोयीची पडते. सामान टपावर टाकू, असे अनेकजण गृहीत धरतात, पण टपावर किती वजन चालते याची मर्यादा माहितीपुस्तिकेत दिलेली असते आणि ती आपल्या अंदाजापेक्षा बरीच कमी असते. शिवाय वजन वर गेल्याने वळणावर गाडी अधिक कलते.

वजनाचा हिशोबही कागदावर करावा. गाडीचे कमाल अनुज्ञेय वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन यांतली वजाबाकी म्हणजे माणसे आणि सामान मिळून वाहून नेता येणारा भार. समजा तो ५५० किलो आहे. सरासरी ६५ किलोची सात माणसे ४५५ किलो भरतात. उरलेल्या ९५ किलोत बॅगा, पाण्याचे कॅन, परतीच्या वाटेवरचे तांदूळ-नारळ आणि टपावरचे कॅरियर हे सगळे बसवायचे असते.

इंजिनाची निवड याच हिशोबातून येते. ट्रायबरचे ९९९ सीसीचे इंजिन शहरात पुरेसे आहे. सात माणसे घेऊन आंबोली किंवा पसरणी घाट चढताना ते थकते आणि सतत खालच्या गिअरमध्ये राहावे लागते. अर्टिगाचे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन सुमारे १०२ बीएचपी (इंजिनाच्या ताकदीचे माप) देते, पण तीच गाडी सीएनजीवर सुमारे ८७ बीएचपी देते. रोजच्या नोकरीच्या धावपळीत सीएनजीची बचत मोठी असते. घाटात मात्र पेट्रोलवर घेऊन चढावे. टोयोटाच्या इनोव्हा क्रिस्टाचे २.४ लिटर डिझेल इंजिन भरलेल्या गाडीला सहज ओढते. तिला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखाली स्वतंत्र सांगाडा, असून ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे खराब रस्त्यावर ती दणकट वाटते. २०२२ च्या अखेरीस आलेली इनोव्हा हायक्रॉस मात्र एकसंध सांगाड्याची, पुढच्या चाकांवर चालणारी पेट्रोल गाडी असून तिचा हायब्रिड (इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेला) प्रकार शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत इंधन चांगले वाचवतो. डिझेल घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या प्रदूषणाच्या बीएस-६ निकषांमुळे डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. ज्यांचे फिरणे दिवसाकाठी चार-पाच किलोमीटरच आहे, त्यांनी डिझेलच्या वाटेला जाऊ नये.

धडक-चाचणीत गाडीला मिळणाऱ्या सुरक्षेच्या ताऱ्यांबाबत वर्ष पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या चाचणीत अर्टिगाला २०१९ मध्ये तीन तारे मिळाले होते. निकष कठोर झाल्यावर २०२४ मध्ये प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी एकच मिळाला. २०२५ मध्ये तिच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅग आल्या, म्हणून जुनी आणि नवी अर्टिगा एकाच मापाने मोजता येत नाही. हायक्रॉसला भारत एनकॅप या आपल्याकडच्या सरकारी चाचणीत पाच तारे आहेत. याहून महत्त्वाचे म्हणजे तिसऱ्या रांगेतले पट्टे. ते तीन बिंदूंचे आहेत का, डोक्याला आधार आहे का आणि मागच्या काचेपासून डोके किती अंतरावर येते, हे हात लावून पाहावे. पट्ट्याची कुलपे आसनाखाली दडपलेली राहिली तर प्रवासात कोणीही पट्टा लावत नाही. ती वर काढून ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

किमतीविषयी थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्यांवर ४० टक्के. ट्रायबर पहिल्या गटात, तर अर्टिगा लांबीमुळे दुसऱ्या गटात येते.

जुनी गाडी घेताना

आपल्याकडे जुन्या सात आसनी गाड्यांना, विशेषतः इनोव्हाला, मोठी मागणी आहे आणि म्हणूनच इथे सावधगिरी सर्वाधिक हवी. अनेक गाड्या आधी पिवळ्या पाटीवर पर्यटनासाठी धावलेल्या असतात आणि नंतर पांढऱ्या पाटीवर आणलेल्या असतात. तो व्यवहार कायदेशीर असू शकतो, पण किंमत त्यानुसार कमी व्हायला हवी. मीटरवरचा आकडा सत्तर हजार आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर गुळगुळीत, चालकाच्या आसनाची दाराकडची कड दबलेली, स्टेअरिंगवर हाताची चमक आलेली असे चित्र दिसले, तर आकड्यावर विश्वास ठेवू नये. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून नोंदी मागवाव्यात. त्यात प्रत्येक भेटीचे किलोमीटर असतात.

गाडी पुरात सापडली होती का, हे तपासण्याची एक साधी रीत आहे. सर्व सीट बेल्ट, तिसऱ्या रांगेतलेसुद्धा, शेवटपर्यंत ओढून काढावेत. धुऊन-पुसून चकाचक केलेल्या गाडीतही पट्ट्याचा गुंडाळीतला भाग बहुधा कोणी धूत नाही. तिथे गाळाची तपकिरी रेघ किंवा कुबट वास राहिलेला असतो. मग आसनांच्या रुळांखाली टॉर्च मारावा, गालिच्याची कड उचलून पाहावी आणि स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवावे. मुंबई, चिपळूण, कोल्हापूर, सांगली अशा पूर पाहिलेल्या भागांतून आलेल्या गाडीला ही तपासणी टाळू नये.

क्रिस्टाच्या आधीच्या डिझेल इनोव्हाला टायमिंग बेल्ट (इंजिनातल्या झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) असतो, क्रिस्टाला साखळी. जुन्या गाडीचा बेल्ट कधी बदलला याचे बिल दाखवता आले नाही, तर तो बदलावाच लागणार असे धरून किंमत ठरवावी, कारण चालू गाडीत तो तुटला तर इंजिनाचे मोठे नुकसान होते. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या गाड्या स्वस्तात दिसतात. त्यांना तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) लागते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने भरावा लागतो, हे जमेस धरल्यावर स्वस्ताई बरीच आटते.

देखभाल

टायरपासून सुरुवात करावी. चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर हवेचे दोन आकडे असतात, एक नेहमीच्या भारासाठी आणि दुसरा पूर्ण भारासाठी. गावी निघताना दुसऱ्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना हवा भरावी आणि परत आल्यावर कमी करावी. कमी हवेचा टायर भरलेल्या गाडीखाली तापतो आणि महामार्गावर फुटतो. टायरच्या कडेवरील चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी वय झालेला टायर बदलावा, आणि स्टेपनीचे वयही पाहावे. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की खाचांमधल्या खुणा पृष्ठभागाला लागतात. पावसाळ्यापूर्वी त्याच्याही आधी बदलणे शहाणपणाचे.

घाट उतरताना भरलेल्या गाडीचे ब्रेक सर्वाधिक तापतात. चढायला जो गिअर लागला त्याच गिअरमध्ये उतरावे, ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवू नये. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषते, त्यामुळे ते कमी तापमानाला उकळू लागते आणि ऐन उतारावर पेडल मऊ पडते. म्हणून गाडी कितीही कमी चालली असली तरी ते दर दोन वर्षांनी बदलून घ्यावे. कोकणपट्टीत, जिथे दमटपणा अधिक, तिथे यात हयगय नको. सर्व्हिसला गाडी देताना मागच्या स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर पाहायला मुद्दाम सांगावे, कारण रिकाम्या गाडीच्या फेरीत त्यांचा थकवा मेकॅनिकला जाणवत नाही.

मागच्या रांगांना थंड हवा पोहोचत नाही ही नेहमीची तक्रार असते. एसीचा गॅस भरण्याआधी केबिन फिल्टर (आतली हवा गाळणारी जाळी) पाहावा, मागचा पंखा चालतो का ते पाहावे आणि सामान ठेवताना हवेची वाट अडली नाही ना, हेही पाहावे.

पावसात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढावी, टोइंग करून न्यावी. विमा घेताना इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी, कारण हे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा नाकारले जाते.

सीएनजीच्या टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. टाकीवरील पट्टीवर तिची तारीख असते आणि पंपावर ती तपासली जाऊ शकते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का ते पाहावे. पंधरा वर्षे पूर्ण होत आली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत पासिंग (गाडीची तपासणी) करावे लागते आणि हरित करही भरावा लागतो. जुनी गाडी विकताना २९ आणि ३० क्रमांकाचे अर्ज, आणि कर्ज फिटले असल्यास बँकेचा बोजा उतरवण्यासाठी ३५ क्रमांकाचा अर्ज, हे तिन्ही पूर्ण करून नव्या मालकाच्या नावाची आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) झाल्याची खात्री करावी. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर जात नाही, तो आपल्याकडेच राहतो, म्हणून त्याचे प्रमाणपत्र विमा कंपनीकडून मागून घ्यावे.