नागपूरहून सर्फिंगला जाताय? लाटा आणि वारा जोखताना या चुका टाळा

आपलं नागपूरकरांचं पाणी म्हणजे तलावाचं पाणी. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा. पोहायला शिकलो तेही तरणतलावात. या पाण्याने लहानपणापासून दोन गोष्टी मनात पक्क्या केल्या आहेत: आभाळ मोकळं असलं की पाणी शांत, आणि पाणी शांत असलं की धोका नाही. समुद्रावर या दोन्ही गोष्टी खोट्या ठरतात. नवख्या सर्फरच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात, माझ्याही इथूनच झाल्या. गेली काही वर्षं मी सुट्टी मिळाली की गोवा किंवा विशाखापट्टणम गाठतो. दोन-तीनदा घरातली आणि शेजारची पोरंही सोबत नेली. प्रत्येकाने मी केल्या त्याच चुका केल्या, म्हणून हे लिहायला घेतलं.

शिकाऊंसाठी सांगितला जातो तो किनारा म्हणजे बीच ब्रेक. तळाला खडक नसतो, वाळू असते आणि त्या वाळूच्या उंचवट्यावर येऊन लाट फुटते. पडलात तर वाळूवर पडता, हा त्याचा मोठा फायदा. पण वाळू जागेवर राहत नाही. मागच्या वर्षी जिथे कमरेएवढं पाणी होतं तिथे या वर्षी गळ्याएवढा खड्डा असू शकतो. त्यामुळे "आम्ही मागच्या वेळी इथेच उतरलो होतो" या अनुभवावर विसंबू नका.

आभाळ बघून समुद्र जोखू नका

तलावातली लाट तिथल्या वाऱ्याने उठते. समुद्रातली मोठी लाट मात्र शेकडो, कधी हजारो किलोमीटरवरच्या वादळात जन्मलेली असते. दोन लाटांमधलं अंतर १६ सेकंदांचं असेल तर अशा लाटांचा समूह खोल समुद्रातून ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने येतो, म्हणजे आपल्या रिंगरोडवर धावणाऱ्या दुचाकीच्या वेगाने. फरक एवढाच की तो रात्रंदिवस न थांबता येतो आणि दिवसाला हजार किलोमीटरच्या वर अंतर कापतो. तो किनाऱ्याला लागतो तेव्हा तिथे लख्ख ऊन असू शकतं आणि झाडाचं पानही हलत नसतं.

केरळचे कोळी याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरपावलाने येणारा समुद्र. दक्षिण हिंदी महासागरातली वादळं या लाटा धाडतात. मे २०२४ मध्ये अशाच लाटांच्या दिवसांत कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर पाच वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. इशारा आधीच दिलेला होता. हे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था देते. निघण्याआधी तिचा उंच लाटांचा इशारा बघणं हे माझं पहिलं काम असतं. हॉटेलचं बुकिंग त्यानंतर.

जूनच्या सुट्टीचा मोह

ही चूक खास आपली, विदर्भातली. आपल्या शाळा उन्हामुळे राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा उघडतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोरं घरी असतात, बाहेर ऊन रणरणत असतं, कूलरचं पाणी संपत असतं आणि कोणीतरी म्हणतं, चला कोकणात. पण तोवर कोकणात मोसमी पाऊस पोहोचलेला असतो. नागपुरात तो नंतर येतो, त्यामुळे इथे बसून तिथल्या समुद्राची कल्पनाच येत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ हे त्याचं एक कारण आणि खवळलेला समुद्र हे दुसरं. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होड्या लोटतात. आपण तर पाहुणे.

पश्चिम किनाऱ्यावर नवख्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. लाटा लहान असतात आणि सकाळी पाणी नितळ असतं. विशाखापट्टणमच्या बाजूला ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ असतो. तिकडे मी जानेवारी उजाडल्याशिवाय पोरांना नेत नाही.

ॲपवरचा पहिला आकडा

अंदाजाचं ॲप उघडलं की सगळ्यांचा डोळा लाटेच्या उंचीवर जातो. '१ मीटर' दिसलं की खूश. पण तो आकडा सगळ्यात मोठ्या लाटेचा नसतो. आलेल्या लाटांपैकी उंच असलेल्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. दोन-सव्वादोन तास पाण्यात राहिलात तर त्यात एखादी लाट जवळजवळ दुप्पट उंचीची येणं अगदी स्वाभाविक आहे.

उंचीच्या शेजारी सेकंदांत लिहिलेला आकडा असतो, त्याला पिरियड म्हणतात. एका लाटेनंतर दुसरी किती वेळाने येते ते तो सांगतो. १ मीटर आणि ६ सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेल्या विस्कळीत लाटा. १ मीटर आणि १२ सेकंद म्हणजे तेवढ्याच उंचीच्या, पण दुप्पट ऊर्जा घेऊन आलेल्या लाटा. त्या उथळ पाण्यात आल्यावर जास्त उभ्या राहतात. आणि उंची दुप्पट झाली तर जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. नवख्या माणसाला मी अर्धा ते पाऊण मीटर उंची आणि ७ ते १० सेकंद पिरियड असलेला दिवस सांगतो. त्यापुढचं बघायचं असेल तर वाळूवर बसून बघा.

वारा उलटा वाचणं

पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा. हे ठाऊक असूनही ॲपवरचा बाण बघताना गल्लत होते. गोव्यात पश्चिमेचा वारा समुद्राकडून येतो आणि लाटा विस्कटतो. विशाखापट्टणमला समुद्र पूर्व-आग्नेयेला, तिथे तोच वारा जमिनीकडून येतो आणि लाटा नीट करतो. म्हणजे गोव्यात पाठ केलेला नियम तिकडे उलटा होतो. दुसरी गल्लत आकड्याची. वारा बहुतेकदा नॉटमध्ये दिलेला असतो आणि १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. १५ बघून मंद झुळूक समजलात तर तो असतो ताशी जवळपास २८ किलोमीटरचा वारा.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, सर्फिंगमध्ये ते धडे रोज कामाला येतात. पहाटे जमीन थंड असते आणि मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्याने लाटेचा पुढचा भाग गुळगुळीत होतो. दहा-अकराच्या सुमाराला जमीन तापते, खारा वारा सुटतो आणि पाणी खडबडीत होतं. निवांत नाश्ता करून अकराला किनाऱ्यावर येणारा माणूस दिवसातले सगळ्यात चांगले तास घालवून येतो. फक्त एक ध्यानात ठेवा: जमिनीकडून येणारा वारा जोराचा असेल तर तो हलका फोम बोर्ड खोल पाण्याकडे ढकलत नेतो. म्हणून पहाटेचा वारा मंद असेल तरच उतरा.

शांत पट्टी

इतर सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

डिसेंबरातली सकाळ, गोव्यातला आश्वेचा किनारा. भाचा पहिल्यांदाच समुद्रावर आलेला. डाव्या-उजव्या बाजूला गुडघाभर उंचीच्या लाटा पांढरा फेस घेऊन फुटत होत्या. मधे दहा-बारा मीटर रुंदीची एक पट्टी होती, तिथे फेसच नव्हता. पाणी जरा गडद, हिरवट. भाच्याने बोर्ड काखेत मारला आणि तिकडेच निघाला. "मामा, इथं तं लाटाच नाही, इथूनच जाऊ ना. काहून थांबून राहिलो आपण?" अंबाझरीच्या काठावर वाढलेल्या पोराला तो रस्ताच वाटणार. त्याच्या वयाचा असताना मीही अशाच एका पट्टीतून आत गेलो होतो आणि परत यायला मला अर्धा तास लागला होता.

होडीच्या सावलीत जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने मान वर केली आणि "हांगा नाका", म्हणजे इथे नको, एवढंच म्हणाला. मग शेजारी पडलेलं नारळाचं सोडण उचललं, त्या पट्टीच्या तोंडाशी नेऊन पाण्यात टाकलं आणि परत येऊन जाळं हातात घेतलं. आम्ही दोघं बघत राहिलो. सोडण आधी जरा घुटमळलं, गोल फिरलं आणि मग सरळ आत निघालं. त्याच्या भोवतीचं पाणी बारीक चुण्या पडल्यासारखं थरथरत होतं. शंभर मोजून होण्याआधी ते लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे गेलं होतं. भाच्याने बोर्ड वाळूवर ठेवला.

त्यामागचं कारण साधं आहे. प्रत्येक लाट पाणी किनाऱ्याकडे लोटते आणि ते पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दोन उंचवट्यांमधली खोलगट जागा ही ती वाट. लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वा ते दीडपट खोलीवर फुटते आणि या वाटेत पाणी त्याहून खोल असतं, म्हणून तिथे लाट फुटत नाही. तलावाच्या नजरेला जे शांत दिसतं ती खरी ओढ असते. तिलाच रिप करंट म्हणतात. तरणतलावात ५० मीटर एका मिनिटात कापणारा माणूस चांगला पोहणारा समजला जातो, म्हणजे सेकंदाला एक मीटरहूनही कमी. जोराच्या रिपमध्ये पाणी सेकंदाला २ मीटरपर्यंत वाहू शकतं. त्याच्याशी झुंजून कोणी जिंकत नाही.

अडकलात तर बोर्ड सोडू नका, तो तरंगतो. त्यावर पोटावर पडा, एक हात वर करून मदत मागा आणि किनाऱ्याला समांतर, जिकडे फेस दिसतो तिकडे हात मारा. फेस आहे तिथे उथळ आहे आणि तिथल्या लाटा तुम्हाला स्वतःच बाहेर आणतील. जीवरक्षकांनी लाल-पिवळा झेंडा लावला असेल तर त्यांची नजर असलेल्या भागाजवळच राहा. नुसता लाल असेल तर पाय भिजवायलाही जाऊ नका.

भिंतीवरचं कॅलेंडर उपयोगाचं आहे

कोकण-गोव्यात भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. वेळ थोडी मागेपुढे होते, पण नागपुरात स्वयंपाकघरात उभं राहून सहलीचे दिवस ठरवायला हा हिशेब पुरतो. पूर्व किनाऱ्यावर तो लागू पडत नाही, तिथे भरतीचं वेळापत्रकच बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि ओढही वाढते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. नवख्यांना मी भांगाचे दिवस देतो.

पाण्यात उतरल्यावर काहीतरी बिनसतंय असं वाटलं तर आधी भरतीकडे बघा. लाट थेट किनाऱ्याच्या उतारावर धपकन आपटत असेल तर पाणी फार चढलेलं आहे, तास-दीड तास थांबा. लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदमच कोसळत असेल आणि चढायला जागाच मिळत नसेल, तर बहुधा पाणी फार उतरलं आहे. भरती अर्धी चढेपर्यंत बोर्ड वाळूवर ठेवून त्यावर उठून उभं राहण्याचा सराव करा. फेस तुमच्यापर्यंत येण्याआधीच विरत असेल तर तुम्ही खोलगट जागेवर उभे आहात. बाहेर या आणि तीस-चाळीस पावलं सरकून पुन्हा उतरा. आणि कपड्यांची पिशवी ठेवली होती ती जागा सारखी एका बाजूला जात असेल, तर पाणी तुम्हाला कडेने ओढतंय. मी उतरण्याआधी काठावरचं एक झाड आणि त्यामागचं एक छप्पर एका रेषेत धरून ठेवतो. ती रेष मोडली की बाहेर येतो आणि चालत मूळ जागी जातो.

विजेबद्दल आपल्याला वेगळं सांगायला नको, जूनमधली विदर्भातली वीज सगळ्यांनी पाहिली आहे. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत जायचं नाही. मोठ्या पावसानंतर नदी किंवा खाडीच्या मुखाजवळ उतरू नका. ४५ अंशांची सवय आहे म्हणून उन्हाला हलक्यात घेऊ नका. वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही आणि रात्री पाठ टेकवता येत नाही.

"इतक्या लांबून आलो"

नागपूर ते समुद्र हा कुठूनही लांबचा पल्ला. तिकिटं महिनाभर आधी काढलेली, रजा मोठ्या मिनतवारीने मिळालेली, बोर्डाचं भाडं दिलेलं. अशा वेळी समुद्र 'आज नाही' म्हणाला तरी कान ऐकत नाहीत. जवळ राहणारा माणूस सहज घरी जातो आणि परवा येतो. आपल्याला परवा नसतो. म्हणून मी दोन गोष्टी करतो. तीन दिवस हवे असतील तर पाच दिवसांची सहल आखतो. आणि रोज सकाळी बोर्ड गाडीतच ठेवून आधी वीस मिनिटं उंच जागेवरून पाणी बघतो. ८ सेकंदांचा पिरियड असेल तर तेवढ्यात दीडशे लाटा डोळ्यांखालून जातात. मोठ्या लाटांचा जथा किती वेळाने येतो, शांत पट्टी कुठे आहे, बाहेर येणारे लोक कुठून येतात, सगळं दिसतं. वीस मिनिटांत आलेली सगळ्यात मोठी लाट छातीपेक्षा उंच असेल, तर बोर्ड गाडीतून काढतच नाही.

त्या सहलीत पाचपैकी दोन सकाळी आम्ही उतरलोच नाही. दुसऱ्या वेळी ते भाच्याने ठरवलं. तो गुडघ्यांवर वही ठेवून लाटा मोजत होता, अठराव्या मिनिटाला वही मिटली आणि म्हणाला, "मामा, चहा घेऊ. दुपारनंतर भरती अर्धी राहील, तवा बघू."