परदेशवारीचा व्हिसा: शेतकरी घरातल्यांनी या चुका टाळा

पोरगा जर्मनीत नाहीतर नेदरलँड्समध्ये नोकरीला लागला की वर्षा-दोन वर्षांत घरी फोन येतो, "आई-बाबा, उन्हाळ्यात येऊन जा." मग वरुड, आर्वी, दारव्हा, चिखलीकडच्या घरांत व्हिसाची धावपळ सुरू होते. अर्ज नामंजूर झाला की लोक म्हणतात, "आपण खेड्यातले, म्हणून दिला नाही." मला हे पटत नाही. व्हिसा देणारा अधिकारी तुमचं वावर पाहायला येत नाही. त्याच्या टेबलावर फक्त कागद असतात, आणि आपल्या घरातले बरेचसे कागद आपण दुसऱ्याच कामासाठी काढलेले असतात. अडचण तिथून सुरू होते.

उत्पन्न एका कागदावर एक, दुसऱ्यावर भलतंच

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पोरांच्या शिष्यवृत्तीसाठी किंवा एखाद्या योजनेसाठी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढलेला असतो. त्यावर आकडा असतो 60-70 हजारांचा. व्हिसाच्या अर्जात मात्र वर्षाला 8 लाख लिहिलेले. जोडीला पत्त्याचा पुरावा म्हणून केशरी शिधापत्रिका, जी 15 हजार ते 1 लाख उत्पन्नाच्या कुटुंबाला मिळते. हे तिन्ही कागद एकाच फाइलमध्ये पाहिल्यावर अधिकाऱ्याने कोणता खरा मानायचा? तो एकही मानत नाही.

पत्त्याला आधार आणि पासपोर्ट पुरतात. शिधापत्रिका मागितली नसेल तर लावू नका. उत्पन्नाचा दाखला द्यायचाच असेल तर आजच्या खऱ्या आकड्याचा नवा काढा, आणि त्यामुळे एखादी सवलत जाणार असेल तर तो विचार घरात आधी करून घ्या. दोन्हीकडे दोन आकडे ठेवून निभत नाही.

शेतीचं उत्पन्न आयकरमुक्त आहे, म्हणून आपल्याकडे विवरणपत्र भरायची पद्धत नाही. वकिलाती मात्र सहसा मागच्या 2-3 वर्षांची विवरणपत्रं मागतात. कर लागत नसला तरी विवरणपत्र भरता येतं, आणि त्यात शेतीचं उत्पन्न दाखवता येतं. 5 हजारांवर शेती उत्पन्न असेल तर विवरणपत्राचा आयटीआर-1 हा फॉर्म चालत नाही, सीएला आयटीआर-2 भरायला सांगा. दोन-तीन वर्षांनी जायचा विचार असेल तर यंदापासूनच भरा. यंदाच जायचं असेल तर सातबारा, आठ-अ, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या आणि सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) घातलेल्या कापसाच्या पावत्या लावा. सीसीआयचा चुकारा थेट बँक खात्यात येतो, त्यामुळे पावतीवरची रक्कम आणि स्टेटमेंटमधली नोंद जुळते. एवढा भक्कम पुरावा आपल्याकडे दुसरा नाही. व्यापाऱ्याकडून रोखीने चुकारा घेणाऱ्याला तो मिळत नाही. ज्या वर्षी जायचं त्याच्या आधीच्या हंगामात तरी माल विकला की पैसे खात्यावरच घ्या.

सातबाऱ्याचं आणखी एक. जमीन अजून आजोबांच्या नावावर, फेरफार झालेला नाही, किंवा सामाईक खात्यात सात नावं, असं घरोघरी असतं. मग "ही जमीन अर्जदाराची" हे कागदावरून कळत नाही. फेरफाराला वेळ लागतो, म्हणून ते काम तिकिटाच्या आधी काढा. मक्त्याने वावर करत असाल तर मक्त्याची लेखी चिठ्ठी तरी हवी. सातबारा डिजिटल सहीचा घ्या, महाभूमीच्या पोर्टलवर 15 रुपयांत मिळतो. तो मराठीत असतो, त्यामुळे इंग्रजी भाषांतर लागतं. नोटरीचा शिक्का म्हणजे भाषांतर नव्हे.

खात्यात आठ दिवसांसाठी आणून ठेवलेले पैसे

"शिल्लक दाखवावी लागते" म्हणून मेहुण्याकडून 5 लाख आणायचे, खात्यात टाकायचे, स्टेटमेंट काढायचं आणि परत करायचे. अधिकारी शेवटची शिल्लक पाहून थांबत नाही, सहा महिन्यांची ये-जा पाहतो. पाच महिने 12-15 हजार आणि शेवटच्या आठवड्यात एकदम 5 लाख, हे त्याला पहिल्या नजरेत दिसतं. पोराने खरंच खर्चाला पैसे पाठवले असतील तर प्रश्न नाही. ते कुठून आले हे पत्रात लिहा आणि त्याच्या खात्यातली नोंद जोडा.

आपलं वर्ष पगारदाराच्या वर्षासारखं नसतं. जूनमध्ये बियाणं-खत, ऑगस्टमध्ये फवारणी, पैसे निघत राहतात. कापूस, तूर, सोयाबीनचे पैसे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत येतात. संत्र्याचा बहार आंबिया असो की मृग, त्याचे पैसेही साधारण याच महिन्यांत. म्हणून ऑगस्टमधलं स्टेटमेंट चांगल्या शेतकऱ्यालाही कंगाल दाखवतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज आणि एप्रिल-मेमध्ये प्रवास, हे आपल्याला सोयीचं. शिवाय पेरणीपूर्वी परतायचं कारण त्यात आपसूक येतं.

हे कारण अर्जासोबतच्या पत्रात लिहाच. साध्या इंग्रजीत एक पान पुरे. त्यात मजकूर असा हवा: माझ्याकडे 3 हेक्टर 20 आर ओलिताची जमीन आहे, मुख्य पिकं कापूस आणि तूर, पैसे अमुक महिन्यांत येतात, जूनमध्ये पेरणी असल्याने मी 28 मेपर्यंत परत येणार, तोवर वावर धाकटा भाऊ पाहील. पर्यटक व्हिसा नाकारताना हमखास येणारं कारण म्हणजे "हा माणूस मुदतीत परत जाईल अशी खात्री वाटत नाही." ज्याची जमीन, जनावरं आणि म्हातारी आई गावात आहे, त्याच्याकडे याचं उत्तर आहे. फक्त ते कागदावर उतरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जिल्हा बँकेचं हाताने भरलेलं पासबुक आणि त्याची झेरॉक्स चालेल असं धरू नका. शाखेत जाऊन सही-शिक्क्याचं छापील स्टेटमेंट मागा.

नाव आणि जन्मतारीख

पासपोर्टवर "रामराव", आधारवर "रामरावजी", बँकेत "रामभाऊ". बाईंचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. जुन्या पिढीची जन्मतारीख तर गुरुजींनी शाळेत घातलेली 1 जून किंवा 1 जुलै, आणि आधारवर वेगळीच. पासपोर्ट हा मूळ धरून बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर ते आधी दुरुस्त करा. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर 2022 पासून एकशब्दी नावाच्या पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश देणं थांबवलं, आणि दुबईला निघालेली माणसं विमानतळावर अडकली.

बोटांचे ठसे

रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही, हा अनुभव घरोघरी आहे. कापूस वेचून, कोळपणी-निंदण करून बोटांवरच्या रेषा झिजतात. व्हिसा केंद्रावर दहाही बोटांचे ठसे घेतात. जायच्या आधीचा आठवडाभर खत-फवारणीत हात घालू नका, रात्री खोबरेल तेल चोळा, चीर पडली असेल तर ती भरू द्या. लग्नसराईत बोटांच्या टोकांना मेंदी नको. एकदा ठसा आला नाही तर घाबरून उठून येऊ नका, पुन्हा घ्या म्हणून सांगा. शेंगेनसाठी, म्हणजे युरोपच्या एकत्र व्हिसासाठी, दिलेले ठसे पुढची 59 महिने चालतात.

शेंगेनचे नियम

युरोपातल्या 29 देशांचा हा एकत्र व्हिसा. कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. जास्त मुक्काम ज्या देशात त्याच्याकडे अर्ज, मुक्काम सारखा असेल तर आधी उतरणार त्या देशाकडे. "फ्रान्सची तारीख मिळत नाही, म्हणून दुसऱ्या देशाकडून काढू" हा सल्ला ऐकू नका. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज घेतात, आणि 15 दिवसांवर आला असेल तर उशीर झाला. निर्णयाला 15 दिवस, कधी 45. पासपोर्ट मागच्या 10 वर्षांतला, दोन पानं कोरी, आणि परतीनंतर किमान 3 महिने मुदत शिल्लक. विमा किमान 30 हजार युरोंचा आणि मुक्कामाचे सगळे दिवस झाकणारा. मोठ्यांची फी 90 युरो, केंद्राचं शुल्क वेगळं, नकार आला तरी परत नाही. म्हणून रद्द न होणारं तिकीट व्हिसाआधी काढू नका.

अर्जाला सहसा मुंबई-पुणे गाठावं लागतं. विदर्भ एक्स्प्रेसचं आरक्षण अपॉइंटमेंट मिळाल्यावर काढा. आणि रात्रभर प्रवास करून थेट केंद्रात जाण्यापेक्षा आदल्या दिवशी पोचा. साठीतल्या माणसांना थकल्या डोक्याने साध्या प्रश्नांचीही उत्तरं सुचत नाहीत.

पोराकडे राहणार असाल तर त्याच्याकडूनही कागद लागतो. जर्मनीत तो परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन खर्चाची हमी लिहून देऊ शकतो. फ्रान्समध्ये नगरपालिकेचं निवासपत्र लागतं आणि ते मूळ प्रतीत हवं, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालत नाही. पण पोराच्या कागदांनी तुमचे कागद माफ होत नाहीत. तो खर्च करेल हे त्यातून कळतं, तुम्ही परत याल हे नाही.

अमेरिकेचं वेगळं आहे. तिथे डीएस-160 हा व्हिसा अर्जाचा फॉर्म आणि मुंबईतली मुलाखत यांवर सगळं ठरतं, फाइल बऱ्याचदा उघडतही नाहीत. म्हणून फॉर्म दुसऱ्याने भरला तरी त्यातली ओळन् ओळ मराठीत समजून घेतल्याशिवाय पाठवू देऊ नका. काय विचारलं, तेवढंच सांगा, आणि खरं सांगा.

"गॅरंटी" देणारा एजंट

व्हिसाची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. बनावट स्टेटमेंट, खोटं हॉटेल बुकिंग, "व्यवसाय: बिझनेस" असं लिहून टाकणं, यात एजंटचं काही जात नाही, सही तुमची असते. फसवणूक सापडली तर ब्रिटन 10 वर्षं दार बंद करू शकतं, अमेरिका कायमचं. आधी एखादा व्हिसा नाकारला असेल तर तेही लपवू नका. जुना नकार चालून जातो, खोटं उत्तर नाही.

नकार आलाच तर

शेंगेनच्या नकारपत्रात कारणांच्या चौकटी असतात आणि तुम्हाला लागू असलेल्या चौकटीत खूण असते. ती आधी वाचून घ्या. तेच कागद घेऊन पुढच्याच आठवड्यात अर्ज केला तर पुन्हा फी जाते आणि उत्तर तेच येतं. अपिलाची वाट आणि मुदत त्याच पत्रात दिलेली असते, प्रत्येक देशाची वेगळी. जर्मनीने 1 जुलै 2025 पासून वकिलातीकडे फेरविचार मागायची सोय बंद केली आहे. तिथे आता एक तर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, नाहीतर नवा अर्ज. शेतकरी घराला दुसरी वाटच परवडते, आणि ती फेरफार झाल्यावर, चुकारा खात्यावर आल्यावर, नवं स्टेटमेंट हातात घेऊनच धरा.